गप्प उभी राहिलेली तीन मुलं आणि गप्प बसलेला मी

(या एपिसोडचा लिखित मजकूर. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त अडखळणं तेवढं काढून टाकलंय.)

आजचा विषय ऐकून लगेच पुढचा एपिसोड लावू नका. विषय आहे धर्म, सेक्युलॅरिझम आणि सहिष्णुता. बघा, मलाच बोलताना शाळेतल्या निबंधाची आठवण झाली. 'विविधतेत एकता', दहा गुण, शेवटी एक सुविचार.

पण आज निबंध नाही आणि टीव्हीवरची भांडाभांडीही नाही. कुठल्या पक्षाचं नावसुद्धा घेणार नाही. आज मी दोन जागांबद्दल बोलणार आहे. एक भाड्याचा फ्लॅट आणि एक शाळा. फ्लॅट पुण्यातला, शाळा केरळमधली. पहिल्या गोष्टीत मी आहे, आणि आधीच सांगतो, त्यात मी काही फार बरा दिसत नाही.

फ्लॅट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आणि माझा कॉलेजातला मित्र, दोघांनाही पुण्यात पहिली नोकरी लागली. हॉस्टेलमध्ये तीन वर्षं एका खोलीत काढलेली. त्यामुळे फ्लॅटही एकत्रच घ्यायचा हे न बोलताच ठरलेलं. ब्रोकरने तीन फ्लॅट दाखवले. पहिल्यात ओल होती, दुसऱ्यात पाणी दिवसाआड. तिसरा आवडला. हवेशीर, आणि बाल्कनीतून टेकडी दिसायची. भाडं बजेटच्या जरा वर, पण दोघांत जमण्यासारखं.

मालकीणकाकू खालच्याच मजल्यावर राहायच्या. त्यांनी चहा दिला, सोबत खारी. गाव कुठलं, कंपनी कुठली, पगार वेळेवर होतो ना, रात्री-बेरात्री मित्र जमवणार नाही ना. सगळं छान चाललेलं. मग त्यांनी भाडेकरारासाठी आधार कार्डाच्या झेरॉक्स मागितल्या. माझी बघितली, बाजूला ठेवली. त्याची बघितली आणि पुन्हा एकदा बघितली. म्हणाल्या, "मी ह्यांना विचारून कळवते हं."

संध्याकाळी ब्रोकरचा फोन आला. "दादा, तुम्हाला एकट्याला द्यायला तयार आहेत. तुमच्या मित्राचं... म्हणजे काकूंना काही नाही हो, पण सोसायटीतले लोक कसे असतात, तुम्हाला माहितीये. दुसरा कोणी पार्टनर असेल तर बघा ना."

फोन स्पीकरवर होता. मित्र शेजारी बसलेला. तो हसला आणि म्हणाला, "अरे, घे तू. मला सवय आहे."

आणि मी तो फ्लॅट घेतला.

दुसरा पार्टनर आठवड्याभरात मिळाला. मित्र नातेवाइकांकडे राहायला गेला, ऑफिसपासून दीड तासावर. मी काकूंशी भांडलो असतो तर फार काही बदललं असतं असं नाही. पण मी "का हो काकू?" एवढंसुद्धा विचारलं नाही. दर महिन्याला भाडं द्यायला जायचो, त्या चहा द्यायच्या, आणि मी तो प्यायचो.

हा एपिसोड करायच्या आधी मी त्याला विचारलं, सांगू का हे? तो म्हणाला, "सांग की. फक्त माझं नाव घेऊ नकोस. नावावरूनच तर झालं सगळं."

हे इथे ठेवू. आता केरळला जाऊ.

शाळा

१९८५ साल. केरळमधल्या कोट्टायम जिल्ह्यातली एक शाळा. तिथे तीन भावंडं शिकत होती. एक दहावीत, एक नववीत, एक पाचवीत. ही मुलं 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाची. पंथ छोटा आहे, पण जगभर पसरलेला आहे. त्यांची श्रद्धा अशी की प्रार्थना, वंदन हे फक्त देवाला. त्यामुळे ते कुठल्याच देशाचं राष्ट्रगीत गात नाहीत. भारताचं नाही, अमेरिकेचं नाही, जर्मनीचंही नाही. हिटलरच्या जर्मनीत त्यांनी नाझी सलाम करायला नकार दिला, तेव्हा त्यांना छळछावण्यांमध्ये टाकलं गेलं. तिथे त्यांच्या कपड्यांवर ओळख म्हणून जांभळा त्रिकोण शिवलेला असायचा. तर ही श्रद्धा भारतावर रुसून तयार झालेली नाही, हे आधी लक्षात घ्या.

ही तीन मुलं शाळेत काय करायची? रोज सकाळी 'जन गण मन' सुरू झालं की सगळ्यांबरोबर ताठ उभी राहायची. हलायची नाहीत, हसायची नाहीत, कुणाला त्रास द्यायची नाहीत. फक्त गायची नाहीत. वर्षानुवर्षं हे चाललेलं, कुणाचं काही म्हणणं नव्हतं. वर्गातल्या मुलांनाही सवय झालेली असणार. आपल्या वर्गात नाही का, उपास करणारा एक असतो, कांदा-लसूण न खाणारी एक असते, तसंच.

जुलै १९८५ मध्ये एका आमदाराच्या हे लक्षात आलं. त्यांना ते देशभक्तीच्या विरोधात वाटलं आणि त्यांनी विधानसभेत प्रश्न उपस्थित केला. चौकशीसाठी आयोग नेमला गेला. आता गंमत ऐका. आयोगाने सांगितलं की मुलं कायदा पाळणारी आहेत, राष्ट्रगीताचा त्यांनी कधी अपमान केलेला नाही. तरीसुद्धा २६ जुलै १९८५ ला शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकेने तिघांनाही शाळेतून काढून टाकलं. वडिलांनी विनंती केली की सरकारचा अंतिम आदेश येईपर्यंत तरी मुलांना वर्गात बसू द्या. नाही म्हणजे नाही.

वडील हायकोर्टात गेले. तिथे एका न्यायाधीशांपुढे हरले, मग दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढेही हरले. हायकोर्टाने काय केलं, तर राष्ट्रगीतातला शब्दन् शब्द तपासला आणि म्हटलं, यात कुणाच्या धार्मिक भावना दुखावतील असा एकही शब्द नाही. मग अडचण काय?

ऐकायला बरोबर वाटतं ना? मलाही पहिल्यांदा बरोबरच वाटलं होतं. खरंच, 'जन गण मन'मध्ये न गाण्यासारखं आहे काय?

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ११ ऑगस्ट १९८६ ला निकाल आला. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. एम. दत्त. खटल्याचं नाव 'बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य'. लॉ करणाऱ्या श्रोत्यांना माहीत असेलच. बाकीच्यांनी नाव लक्षात ठेवा, व्हॉट्सअॅपवरच्या वादात उपयोगी पडेल.

सुप्रीम कोर्ट म्हणालं, हायकोर्टाने चुकीचाच प्रश्न विचारला. राष्ट्रगीतात आक्षेपार्ह काही आहे का, हा मुद्दा नाही. तुमची-माझी त्या श्रद्धेवर काय प्रतिक्रिया आहे, हाही मुद्दा नाही. ती श्रद्धा त्या मुलांची खरीखुरी, मनापासूनची आहे का, ते बघायचं. आणि ती होती. शाळा सुटायची वेळ आली तरी त्यांनी ती सोडली नाही.

दुसरं, कोर्टाने विचारलं, मुलांनी मोडलेला कायदा कुठला? १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाचा अपमान रोखणारा कायदा आहे. तो राष्ट्रगीत गाण्यापासून दुसऱ्याला रोखणाऱ्याला आणि गाणाऱ्यांच्या जमावात गोंधळ घालणाऱ्याला शिक्षा देतो. शांतपणे उभं राहणाऱ्याला नाही. राष्ट्रगीत गायलाच पाहिजे असा कायदा नव्हता. होती ती शिक्षण खात्याची परिपत्रकं. आणि नुसत्या परिपत्रकाने मूलभूत हक्क काढून घेता येत नाही.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात आवडतो. आपल्या कलम १९ मध्ये बोलण्याचं स्वातंत्र्य आहे ना, त्यातच न बोलण्याचं स्वातंत्र्यही येतं, असं कोर्टाने सांगितलं. तुम्हाला बोलायचा हक्क असेल, तर गप्प राहायचाही हक्क आहेच. मुलांना शाळेत परत घ्या, असा आदेश झाला. आणि निकालाच्या शेवटी न्यायमूर्तींनी आठवण करून दिली की सहिष्णुता आपल्या परंपरेत आहे, तत्त्वज्ञानात आहे, राज्यघटनेतही आहे, ती पातळ करू नका.

न आवडणारं सहन करणं

आता मी खरं सांगतो. मला राष्ट्रगीत गायला आवडतं. थिएटरमध्ये सिनेमाच्या आधी लागतं तेव्हा पॉपकॉर्न खाली ठेवून मी उभा राहतो आणि अजूनही अंगावर काटा येतो. त्या तीन मुलांचं म्हणणं मला पटत नाही. मी त्यांच्या वर्गात असतो तर कदाचित म्हणालो असतो, अरे, गा ना, काय बिघडतंय?

आणि म्हणूनच मी हे उदाहरण निवडलं. कारण जे आपल्याला आवडतं ते चालवून घ्यायला सहिष्णुता लागत नाही. ईदचा शीरखुर्मा खायला सहिष्णुता लागत नाही, भूक लागते. ख्रिसमसचा केक, लंगरमधला डाळ-रोटीचा प्रसाद, शेजारच्यांचं पुरणपोळीचं ताट, हे सगळं छानच आहे, जरूर खा. पण परीक्षा तिथे नसते. समोरच्याचं वागणं आपल्याला पटत नाही, जरा खटकतं, तरी त्याने आपलं काही बिघडत नाही हे ओळखून आपण हात आवरता घेतो, परीक्षा तिथे असते. 'सहिष्णुता' या शब्दातच 'सहन' आहे.

आता तुमच्यातला कोणीतरी म्हणेल, आणि म्हणावंच, की उद्या कोणीही उठेल आणि माझी श्रद्धा म्हणून काहीही करेल, ते पण चालवून घ्यायचं?

नाही. घटनेतलं कलम २५ आपण अर्धंच सांगतो. धर्म पाळायचं, त्याचा प्रचार करायचं स्वातंत्र्य आहेच. पण त्या वाक्याची सुरुवातच अटींनी होते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि बाकीचे मूलभूत हक्क, या सगळ्यांच्या अधीन राहून. म्हणजे तुमच्या श्रद्धेचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर टाकता येत नाही.

उदाहरण तुमच्या गल्लीतलंच घेऊ. लाउडस्पीकर. ३० ऑगस्ट २००० ला सुप्रीम कोर्टाने चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणात सांगितलं की दुसऱ्यांची शांतता मोडून, भोंगे लावून प्रार्थना करा, असं कुठलाच धर्म सांगत नाही. त्याच वर्षीचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, फक्त वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानेही कुर्ल्यातल्या रहिवाशांच्या याचिकेवर पुन्हा सांगितलं की लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही.

आता ही दोन प्रकरणं शेजारी ठेवा. शाळेतल्या मुलांच्या गप्प राहण्याने दुसऱ्या कुणाचं गाणं थांबलं नाही. भोंग्याने मात्र दहावीच्या पोराचा अभ्यास थांबतो, आजारी आजीची झोप जाते. म्हणून एकीकडे कोर्ट म्हणालं, राहू द्या, आणि दुसरीकडे म्हणालं, बंद करा. धर्म कुठला हे बघितलं नाही, भार कुणावर पडतोय ते बघितलं. डीजेची भिंत असो, भोंगा असो, चर्चचा अँप्लिफायर असो, मोजायचं यंत्र एकच. मला विचाराल तर भारतातला सेक्युलॅरिझम सगळ्यात सोप्या भाषेत हाच आहे.

शब्द आला कधी आणि गोष्ट आली कधी

एक गैरसमज जाता जाता दूर करू. "सेक्युलर हा शब्द तर आणीबाणीत घुसडला" हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. शब्दाबद्दल ते बरोबर आहे. 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द उद्देशिकेत १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आला. त्याआधी संविधान सभेत १९४८ मध्ये के. टी. शाह यांनी 'सेक्युलर, फेडरल, सोशलिस्ट' हे शब्द घालायची सूचना केली होती, ती स्वीकारली गेली नाही.

पण शब्द नव्हता म्हणून गोष्ट नव्हती असं नाही. कलम १५, धर्मावरून भेदभाव करायला राज्याला मनाई. कलम २७, एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर द्यायची सक्ती नाही. कलम २८, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण नाही. हे सगळं २६ जानेवारी १९५० पासून आहे. आणि १९९४ च्या बोम्मई खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या मूळ चौकटीचाच भाग आहे. म्हणजे पाटी नंतर लागली, घर आधीच बांधलेलं होतं.

दुसरा आक्षेप. "सेक्युलॅरिझम म्हणजे अल्पसंख्याकांचे लाड." यावर मी भांडण करणार नाही, एवढंच विचारतो, अल्पसंख्याक म्हणजे कोण? आपण ते एकदाच ठरवून टाकतो, जणू ते रक्तगटासारखं आहे. पण ते गाव बदललं की बदलतं. आपले किती श्रोते न्यू जर्सीत, लंडनमध्ये, दुबईत आहेत. तिथे मराठी हिंदू घर अल्पसंख्याकच. न्यू यॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी द्यायचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०२४ ला पहिल्यांदा त्या सुट्टीने शाळा बंद राहिल्या. ते कळलं तेव्हा आपल्या फॅमिली ग्रुपवर काय आनंद! फटाक्यांचे जीआयएफ! तेव्हा कुणी म्हणालं का, की हे हिंदूंचे लाड आहेत?

आणि प्रत्येक धर्माच्या आतही अल्पसंख्याक असतो. तो म्हणजे प्रश्न विचारणारा माणूस. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराची दारं दलितांना उघडावीत म्हणून दहा दिवस उपाशी राहिले, तेव्हा विरोध करणारे त्यांच्याच धर्मातले होते. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी तलाकच्या प्रश्नावर सात मुस्लीम महिलांचा मोर्चा मुंबईत काढला. बघा, फक्त सात जणी. त्यांना शिव्या देणारे त्यांच्याच समाजातले होते. तेव्हा आपल्या गटातल्या वेगळं बोलणाऱ्याला आपण कसं वागवतो, हाही सहिष्णुतेचाच हिशोब आहे. दुसऱ्या धर्मातले सुधारक सगळ्यांनाच आवडतात. आपल्या घरातला आवडतो का?

दारापर्यंत येऊन थांबणारा कायदा

आता परत फ्लॅटकडे.

ती शाळा हरली, मुलं जिंकली. मग माझा मित्र का नाही जिंकला? तो गेला असता कोर्टात तर?

इथे एक न आवडणारी गोष्ट सांगावी लागेल. कलम १५ मुख्यतः राज्याला बांधतं. त्याच कलमाचा दुसरा भाग दुकानं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तळी, रस्ते यांच्याबद्दल आहे. तिथे धर्मावरून, जातीवरून कुणाला अडवता येत नाही. पण त्या यादीत भाड्याचा फ्लॅट नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला राहायला घर घेऊ न देणं हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे कायदा घरात शिरतो. पण "तुमच्या धर्माच्या माणसाला देत नाही" असं खासगी मालक म्हणाला, तर त्याला थेट अडवणारा तसा कायदा नाही.

उलट २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सांगितलं की फक्त पारशांनाच सभासद करू, असा नियम ती सहकारी सोसायटी ठेवू शकते, कारण आपल्या माणसांची संघटना करायचं स्वातंत्र्यही घटनेतच आहे. त्यामागची भीती समजण्यासारखी आहे. पारशी समाज इतका छोटा, एकत्र राहिले नाहीत तर टिकणार कसे? पण तोच नियम शहरातल्या प्रत्येक सोसायटीने, प्रत्येक जातीने, प्रत्येक धर्माने लावला, तर उरलं काय? नकाशावर एक शहर, आणि आत नुसती कुंपणं.

म्हणून मी म्हणतो, कायदा आपल्या दारापर्यंत येतो आणि तिथे थांबतो. बेल वाजल्यावर दार उघडायचं काम आपलं. काकूंनी कायदा मोडला नव्हता. मीही मोडला नव्हता. ब्रोकरने तर फक्त निरोप दिला. कुणीच काही चुकीचं केलं नाही, आणि एक मुलगा रोज तीन तास प्रवास करत राहिला.

आणि काकूंचं ते वाक्य आठवा. "मला काही नाही हो, सोसायटीतले लोक." सोसायटीतल्या कुणालाही विचारा, तो हेच म्हणेल. मला काही नाही, बाकीचे लोक. मग हे बाकीचे लोक राहतात कुठे? कुठल्या मजल्यावर? मला वाटतं, त्या बाकीच्या लोकांमधला एक मीही होतो. कारण मी गप्प बसलो.

आता दोन गप्प बसणं शेजारी ठेवू. ती तीन मुलं गप्प उभी राहिली, तेव्हा त्यांनी शाळा गमावली. मी गप्प बसलो, तेव्हा मला टेकडी दिसणारी बाल्कनी मिळाली. त्यांच्या गप्प राहण्याची किंमत त्यांनी भरली. माझ्या गप्प राहण्याची किंमत माझ्या मित्राने.

मिरवणूक

एवढं सगळं ऐकून निराश होऊ नका. कायद्याने न सांगता माणसं काय करू शकतात, त्याचं एक ताजं उदाहरण मुंबईतलंच आहे.

२०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले, २८ सप्टेंबरला. रस्ते तेच, पोलीस तेच, आणि दोन्हीकडे लाखांची गर्दी. मुंबईतल्या मुस्लीम संघटनांनी बैठक घेतली आणि आपला जुलूस दुसऱ्या दिवशी, २९ ला काढला. २०२४ मध्ये ईद १६ सप्टेंबरला, विसर्जन १७ ला; जुलूस १८ ला निघाला. २०२५ मध्ये ईद ५ सप्टेंबरला, विसर्जन ६ ला. जुलूस ८ ला. तीन वर्षं लागोपाठ. सरकारने सुट्टीही त्याप्रमाणे सरकवली.

तीन वर्षं लागोपाठ का, ते सोपं आहे. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात, दर वर्षी साधारण अकरा दिवसांनी मागे सरकतात, म्हणून तीन वर्षं हातात हात घालून चालली. आपल्याकडे अधिक महिना येतो, हिजरी वर्षात तो नाही, म्हणून पुढे परत वेगळी होतात. आकाशातला चंद्र एकच, हिशोब दोन.

मला हे उदाहरण आवडतं, पण एक प्रश्न पण पडतो. दर वेळी थांबणारा एकच असेल, तर त्याला समजूतदारपणा म्हणायचं की नाइलाज? जो संख्येने मोठा आहे त्याने कधीतरी आपणहून म्हणावं ना, की या वेळी तुम्ही पुढे व्हा, आम्ही थांबतो. मंडळात काम करणारे श्रोते असतील तर हा प्रश्न पुढच्या बैठकीत विचारा. चहा झाल्यावर विचारा, आधी नको.

शेवटचं

मागच्या वर्षी माझा मित्र बदली होऊन पुन्हा पुण्यात आला. मीही तेव्हा घर बदलत होतो. मी ब्रोकरला पहिल्याच फोनवर दोघांची पूर्ण नावं सांगितली. म्हटलं, ही दोन नावं चालत असतील तरच फ्लॅट दाखवा, नाहीतर आमचा आणि तुमचा दोघांचा वेळ वाचेल. फोनवरच बरेच कटले. कुणी म्हणालं, आताच गेला. कुणी म्हणालं, फॅमिलीलाच देतो. या वेळी मी प्रत्येकाला विचारलं, "का हो?" अगदी शांतपणे, भांडण न करता. दोघा-तिघांनी फोन ठेवला. एक जण बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, "खरं सांगू का, मलाच माहीत नाही का ते." त्यानेही फ्लॅट दिला नाही. पण निदान त्याला तो प्रश्न पडला.

शेवटी एका आजोबांनी दिला. त्यांनी दोघांची आधार कार्डं बघितली, चष्मा वर केला आणि एकच विचारलं, "पाणी जपून वापरता ना रे दोघं?"

बाल्कनीतून टेकडी दिसत नाही. समोरच्या बिल्डिंगचं वाळत घातलेलं दिसतं. भाडंही जास्त आहे. पहिल्या रात्री जेवायला बसलो तेव्हा मी त्या जुन्या फ्लॅटचा विषय काढला आणि सॉरी म्हटलं. बरंच उशिरा. तो म्हणाला, "तेव्हा बोलला असतास तर बरं वाटलं असतं." एवढंच. मग आम्ही भांडी कोण घासणार यावर भांडलो.

तर मंडळी, तुम्हाला मोर्चा काढा असं सांगणार नाही. पुढच्या वेळी कोणीतरी फोनवर म्हणेल, "मला काही नाही हो, पण बाकीचे लोक," तेव्हा दोन शब्द विचारा. का हो? आणि उत्तराची वाट बघा.

तुमचा असा काही अनुभव असेल, फ्लॅट नाकारल्याचा किंवा नाकारताना शेजारी गप्प बसल्याचा, तर व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायची सक्ती नाही. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.